रक्त वाढत नाही. गहू बंद करावा का?

प्रश्न : माझी सात वर्षांची नात अंगाने भरत नाही, उंचीही वाढत नाही. जंताचे औषध झाले, लोहाच्या बाटल्या संपल्या, तरी हिमोग्लोबिन नऊच्या पुढे सरकत नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी सीलिॲक रोगाची शंका घेऊन रक्ततपासणी सांगितली आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात, आधी गहू बंद करून पाहा, खपली तेवढी चालेल. काय करावे? धाकट्या नातवालाही तपासावे का?
— एक आजी, खानापूर तालुका

उत्तर : तपासणी होईपर्यंत गहू मुळीच बंद करू नये. या रोगात गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, rye हे धान्य) यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, तेथील बारीक अंकुर झिजतात आणि लोह नीट शोषले जात नाही. यातून रक्तात येणारी प्रतिद्रव्ये टीटीजी-आयजीए तपासणीत मोजतात. गहू थांबवला की ती उतरू लागतात आणि रोग असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. आपल्याकडे भात आणि नाचणीच अधिक असेल, तर नात रोज किती गहू खाते, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. काही मुलांत आयजीए, म्हणजे या तपासणीत मोजायच्या प्रतिद्रव्यांचा प्रकारच, मुळात कमी असते आणि मग रोग असूनही तो तपासणीत दिसत नाही, म्हणून एकूण आयजीएही त्याच वेळी मोजून घ्यावे.

उत्तर भारताच्या मानाने दक्षिणेत हा रोग कमी आढळतो, त्यामुळे आपल्या भागात ‘हाडपेरच बारीक’ म्हणण्यात वर्षे जातात. इटलीने 2023 मध्ये मुलांच्या सरसकट तपासणीचा कायदा केला. आपल्याकडे मात्र औषधाला न जुमानणारा पंडुरोग, खुंटलेली उंची किंवा टाइप 1 मधुमेह असलेली मुले आधी तपासली, तरी पुष्कळ साधेल, असे मला वाटते. नातीला रोग निघाल्यास धाकट्यालाही तपासावे, कारण सख्ख्या भावंडांत तो सुमारे दहांत एकाला असू शकतो.

निदान पक्के करण्यासाठी बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेतात. त्यानंतर पथ्य जन्मभराचे. खपली हाही गहूच, तो चालणार नाही. तांदूळ, नाचणी, ज्वारी चालतील. पण गिरणीत गव्हामागून ज्वारी टाकली, तर दगडांत राहिलेले गव्हाचे पीठ तिच्यात उतरते, म्हणून नातीचे दळण घरच्या चक्कीवर वेगळे काढावे. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, तेव्हा डबीवरचा मजकूर वाचूनच ती घ्यावी.