वाचक विचारतात : टाळेबंदीतले पोहे, शेव आणि जीरावन
(मे 2020)

प्रश्न : मार्चच्या शेवटी इंदुरात किराणाही बंद झाला. पुढे वाण्याकडे 10 किलो कणीक आणि 2 किलो जाड पोहे सांगितले, तर घरपोच आलं 5 किलो बेसन आणि पातळ पोहे. बाकी काही शिल्लकच नव्हतं. पोहे भिजवले तर लगदा झाला, शेव केली तर ती तेल प्यायली. छप्पन दुकान आणि सराफा हे खाऊबाजार बंद, मुलं मात्र रोज सेव-पोहे मागतात. काय करू?
— एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : पातळ पोहे भिजवायचेच नसतात. त्यांचा चिवडा करा. आत्ताचं कडक ऊन कामाला येईल : दोन तास पातळ पसरून वाळवा, मग मंद आचेवर चिमटीत चुरा होईपर्यंत परता. मीठ आणि पिठीसाखर चिवडा निवल्यावरच घाला, गरम असताना घातली की तो सादळतो.

जाड पोहे मिळाले की इंदुरी पद्धतीने करा. चाळणीत धुऊन निथळा, हळद, मीठ, साखर लावून दहा मिनिटं ठेवा. मोहरी, बडीशेप, अख्खे धणे आणि हिरव्या मिरचीची फोडणी त्यावर ओता, हलक्या हाताने कालवा. मग उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चाळणी ठेवून सहा-सात मिनिटं वाफवा. झाकणाला फडकं बांधायला विसरू नका, नाहीतर वाफेचे थेंब पोह्यांवर पडतात आणि तेवढ्या जागी गोळा होतो. गाडीवरचे पोहे तासन् तास मऊ राहतात ते या खालच्या वाफेमुळे. कांदा वरून कच्चाच घालायचा, त्यामुळे चार जणांना एक पुरतो. सध्या हे फार सोयीचं.

आता शेव. पाव किलो बेसन चाळून घ्या. त्यात दोन मोठे चमचे कडकडीत तेल (मोहन), एक लहान चमचा मीठ, पाव चमचा हिंग आणि अर्धा चमचा ओवा. ओवा पूड करूनच घाला, अख्खा दाणा सोऱ्याच्या जाळीत अडकतो. लवंगी शेवेसाठी आठ-दहा लवंगा आणि थोडे मिरे कुटून घाला. पाणी बेताबेताने घालत जा, साधारण अर्धी वाटी लागेल. पीठ सैल झालं की तळताना जास्त पाणी बाहेर पडतं आणि त्या जागी तेल शिरतं. तुमची शेव बहुधा इथेच बिघडली. तेल कोमट असलं तरी हेच होतं. पिठाची गोळी टाकून पाहा, ती लगेच वर यायला हवी. मोहन जास्त झालं तर शेव कढईतच विरघळते, कमी पडलं तर दाताला कडक लागते. बुडबुडे शांत झाल्याशिवाय काढू नका, आणि पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा.

जीरावन, म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला, त्याशिवाय हे पोहे अपुरेच. जिरे आणि धणे दोन-दोन चमचे, बडीशेप एक, दोन लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा, सगळं कोरडं भाजा. पूर्ण थंड झाल्यावरच दळा, गरम दळलं तर वाफ धरून गोळे होतात. मग आमचूर दोन चमचे, काळं मीठ एक, सुंठ आणि तिखट अर्धा-अर्धा, चिमूटभर हिंग.

प्रश्न : एवढं बेसन टिकवायचं कसं?

उत्तर : एक किलो बाहेर, बाकी हवाबंद पिशव्यांत फ्रीजमध्ये. फ्रीजमधून काढलेली पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा, एरवी आत दव धरून गुठळ्या होतात. पिठलं, झुणका, धिरडी यांत आठवड्याला किलोभर सहज संपतं. चव कडवट लागली तर ते बेसन टाकून द्या, भाजून कडवटपणा जात नाही.

प्रश्न : कोरोनाच्या भीतीने भाजी साबणाने धुवावी का?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : अजिबात नको. साबण सालीत आणि देठाशी राहतो, पोटात गेला की मळमळ, जुलाब होऊ शकतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा. दुधाची पिशवी मात्र या साथीच्या काळात बाहेरून साबणाने धुऊन, पुसून मग कापा. पिशवी ठेवलेला ओटा पुसायचा आणि हात वीस सेकंद धुवायचे.