खग्रासमधला 'ख' कुठला?

प्रश्न असा आला आहे: खंडग्रास म्हणजे अर्धवट ग्रहण आणि खग्रास म्हणजे पूर्ण. मग खग्रासमधला 'ख' हा 'खंड'चाच संक्षेप आहे का? असेल तर अर्थ नेमका उलटा कसा झाला?

संक्षेप नाही. हा 'ख' म्हणजे आकाश, खगोल आणि खग यांतला. पण एवढ्याने समाधान होत नाही, कारण आकाशात तर खंडग्रासही होतो. खरी गंमत 'ग्रास'मध्ये आहे. आपण जेवताना घेतो तो घास याच ग्रासाचे मराठी रूप. पंचांगाच्या गणितात मात्र ग्रास ही मोजायची गोष्ट आहे: बिंब किती झाकले, ते अंगुळ या जुन्या मापात.

७ सप्टेंबर २०२५ चे चंद्रग्रहण आठवा. भारतभर दिसले होते, रात्री अकरा ते साडेबाराच्या दरम्यान चंद्र ८२ मिनिटे पूर्ण छायेत होता. त्याचा ग्रास बिंबाच्या १.३६ पट होता. चंद्रबिंब ११ अंगुळे धरले तर ग्रास भरतो सुमारे १५. बिंबच ११ अंगुळांचे, मग वरची ४ अंगुळे कुणाची? ती रिकाम्या आकाशाची! पृथ्वीची छाया चंद्र गिळून त्याच्या कडेपलीकडे जेवढी उरली, तो खग्रास. म्हणजे मुळात हे ग्रहणाच्या प्रकाराचे नाव नव्हे, एका शिलकेचे नाव आहे. शिल्लक उरली की ग्रहण पूर्ण, म्हणून पुढे ग्रहणालाच ते नाव चिकटले.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये (इ. स. १५२०) लिहिलेल्या 'ग्रहलाघव' या ज्योतिषगणिताच्या ग्रंथात ही वजाबाकी सरळ सांगितली आहे. झाकलेल्या भागाला तिथे 'छन्न' म्हटले आहे. त्यातून बिंब वजा करून उरते ते 'खच्छन्न'. झाकणारा तो छादक, झाकला जाणारा तो छाद्य. सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला 'भूमिभा', म्हणजे पृथ्वीची सावली, हेही त्याच श्लोकात आहे. 'खच्छन्न' हा पाचशे वर्षांपूर्वीचा इतका नितळ शब्द आपण वापरत नाही, याची मला हळहळ वाटते.

सूर्यग्रहणात ही शिल्लक फार थोडी असते, कारण चंद्राचे बिंब सूर्याच्या बिंबाहून जेमतेमच मोठे दिसते. ८ एप्रिल २०२४ ला अमेरिकेत दिसलेल्या ग्रहणात ती बिंबाच्या अवघी तीन टक्के होती. म्हणून तिथे खग्रास स्थिती मिनिटांत संपते. कंकणाकृतीत चंद्राचे बिंबच लहान, तेव्हा 'ख' उरतच नाही. मंगळावरून पाहिले तर त्याचा चंद्र फोबोस सूर्यासमोरून कितीही नेमका मधून गेला तरी सूर्य झाकत नाही, त्यामुळे तिथे सूर्याचा खग्रास होणेच शक्य नाही.

'संपूर्ण खग्रास' असेही हल्ली लिहिलेले दिसते. तिथले 'संपूर्ण' गाळावे, खग्रासात ते आलेलेच आहे.