लखोट्यातल्या मतावर भरवसा ठेवावा का?

(वाचकांचे प्रश्न: निवडणूक शाखेतून निवृत्त झालेल्या नायब तहसीलदार बाई साताऱ्याहून उत्तरं देतात.)

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी टपाली मतदानाबद्दल आहेत. अमेरिकेतला वाद टीव्हीवर रोज दिसतो, आपल्याकडेही मतदार यादी आणि यंत्रांवरून वातावरण तापलेलं आहे, त्यामुळं पोस्टातून येणाऱ्या मताबद्दल शंका येणं मी समजू शकते. चार पत्रं निवडली आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही तसे नाहीत.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा फौजेत नाईक आहे, सध्या ईशान्येकडं. मत लिहून पाकीट पोस्टात टाकलं, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. आमच्या भावकीतले एक जण म्हणतात, लढत अटीतटीची झाली तरच ही पाकिटं फोडतात, नाहीतर तशीच गोदामात जातात. मग पोरानं कशाला मत द्यायचं?
— एक आई, कोरेगाव तालुका

ताई, भावकीतल्या त्या गृहस्थांना माझा निरोप सांगा की हे साफ खोटं आहे. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता सगळ्यात आधी टपाली मतंच हातात घेतात, यंत्रांची मोजणी अर्ध्या तासानं सुरू होते. विजयी उमेदवार लाखाच्या फरकानं पुढं असला, तरी प्रत्येक पाकीट तपासावंच लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगानं आणखी एक सूचना काढली. टपाली मतांचं काम पुरं झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही.

आता तुमच्या मुलाचं पाकीट कसं उघडलं जातं ते सांगते, कारण शंका तिथंच असते. त्याची मतपत्रिका त्याच्या युनिटकडं संगणकावरून गेली. ती छापून त्यानं खूण केली, छोट्या पाकिटात घातली आणि ते बंद केलं. सोबत सही केलेलं घोषणापत्र ठेवून दोन्ही मोठ्या पाकिटात घातलं आणि पोस्टात दिलं. टपालखर्च त्याला पडत नाही. मोजणीच्या टेबलावर आधी मोठ्या पाकिटावरचा क्यूआर कोड वाचतात. एकाच मतदाराची दोन पाकिटं आली तर तिथंच कळतं. मग घोषणापत्र तपासतात. बरोबर असलेली सगळी घोषणापत्रं वेगळी काढून सील करतात आणि त्यानंतरच आतली छोटी पाकिटं फोडतात. म्हणजे मतपत्रिका बाहेर येते तेव्हा ती कुणाची, हे सांगणारा कागद टेबलावर नसतो. हे सगळं उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या डोळ्यांसमोर चालतं.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मी त्या टेबलावर काम केलेलं आहे. घोषणापत्रावर सही नाही, अधिकाऱ्याचं साक्षांकन राहिलंय, घोषणापत्रावरचा क्रमांक एक आणि छोट्या पाकिटावरचा दुसरा, घोषणापत्रच विसरलंय, अशी पाकिटं येतात. नियम स्पष्ट आहे : अशा वेळी आतलं पाकीट फोडायचंच नाही, शेरा मारून बाजूला ठेवायचं. कुठल्यातरी चौकीवर थंडीत बसून एका जवानानं कुणाला मत दिलं, ते कुणालाच कळत नाही. बाद पाकिटांचा तो गठ्ठा वाढताना बघून माझ्या पोटात कालवायचं. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, पहिल्या महायुद्धात ज्या एका गावचे ४६ जण गेले, त्या जिल्ह्यात जवानाचं मत एका सहीपायी वाया जावं, हे मला सहन होत नाही. टपाली मतं चोरीला जाण्यापेक्षा चुकीनं जास्त वाया जातात, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही.

पाकीट उशिरा पोचलं तरी तेच. मोजणीच्या दिवशी सकाळी आठनंतर आलेलं पाकीट धरत नाहीत. पूर्वी कोरी मतपत्रिकासुद्धा पोस्टानंच जायची. ती जाऊन परत येईपर्यंत निकाल लागलेला असायचा. २०१४ च्या लोकसभेला सैनिक मतदारांपैकी जेमतेम चार टक्क्यांची मतं परत आली होती. मतपत्रिका संगणकावरून जायला लागल्यावर २०१९ ला हा आकडा साठ टक्क्यांवर गेला. परतीचा प्रवास मात्र अजून पोस्टाचाच आहे, म्हणून मुलाला सांगा : मतपत्रिका हातात आली त्याच दिवशी रवाना कर.

एका मतानं काय होतं, असं तो म्हणाला तर त्याला २०२४ चा मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल सांगा. यंत्रांच्या बेरजेत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढं होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्या मतदारसंघात बाद ठरलेली टपाली मतं १११ होती. बाद मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त असली, तर ती सगळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं पुन्हा तपासायचीच, असा दंडक आहे. तिथं ती पुन्हा तपासली गेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली.

तो सुट्टीवर घरी असला तरी केंद्रावर जाऊन मत देता येणार नाही, कारण सैनिक मतदारांची यादी वेगळी असते. पोस्टाचा भरवसाच वाटत नसेल तर मतदारसंघातल्या एखाद्या माणसाला आपल्या वतीनं मत द्यायला नेमण्याची सोय २००३ पासून आहे. त्या माणसाच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात, म्हणजे तर्जनी त्याच्या स्वतःच्या मताच्या शाईसाठी मोकळी राहते. तुम्हालाच नेमायला काय हरकत आहे?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई सिएटलला असतात, दोघंही तिथले नागरिक. मतपत्रिका घरी पोस्टानं येते आणि ते चहा पिता पिता ती भरतात. ट्रम्प सारखं सांगतात की यात प्रचंड फसवणूक होते. मी तसं म्हटलं तर जावई चिडले. आमचं फोनवर चांगलंच वाजलं. तुमचं अनुभवी मत हवं आहे.
— निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली

गुरुजी, तुमची शंका निराधार नाही. जावयांचा राग मात्र समजण्यासारखा आहे. दोन्ही कसं, ते सांगते.

मतदान केंद्रावर पडद्याआड माणूस एकटा असतो. घरी आलेल्या मतपत्रिकेजवळ कोण कोण बसलंय, हे कुणी बघत नाही. हा धोका खरा आहे आणि तो ट्रम्प यांनी शोधलेला नाही. २००५ साली माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि जेम्स बेकर, म्हणजे दोन्ही पक्षांचे ज्येष्ठ, यांच्या आयोगानंही हेच नोंदवलं की फसवणुकीला सर्वांत जास्त वाव टपाली मतांत आहे. फ्रान्सनं तर १९७५ मध्ये ही पद्धतच बंद केली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या २००४ च्या नगरपालिका निवडणुकीत टपाली मतांचे घोटाळे कोर्टात सिद्ध झाले आणि निवडी रद्द झाल्या.

अमेरिकेतलं सगळ्यात बोलकं प्रकरण नॉर्थ कॅरोलायनाचं आहे. २०१८ च्या निवडणुकीत तिथल्या नवव्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार ९०५ मतांनी पुढं होता. ब्लेडन परगण्यात त्याच्यासाठी काम करणाऱ्या एका मुकादमानं पैसे देऊन माणसं नेमली होती. ती दारोदार जाऊन लोकांच्या मतपत्रिका गोळा करत आणि काही स्वतःच भरत. घेतलेल्या पण परत न आलेल्या मतपत्रिकांचं प्रमाण तिथं विलक्षण होतं, आणि आकड्यांनीच आधी बोट दाखवलं. राज्याच्या निवडणूक मंडळानं निकाल प्रमाणित करायला नकार दिला. साक्षीपुरावे झाले आणि २०१९ मध्ये पुन्हा निवडणूक घेतली गेली. आपल्याकडं वाड्यावस्त्यांवर गठ्ठामतांची बोली लावणारे जे असतात, त्यांचंच हे तिकडचं रूप.

पण गुरुजी, हे प्रकरण नीट बघा. चोरी झाली ती मुख्यतः एका परगण्यात, ओळखीच्या माणसांच्या दारात. आणि ती सापडली, कारण प्रत्येक मतपत्रिका कुणी मागितली, कधी गेली, कधी परत आली याची नोंद होती. देशभर लाखो मतं अशी फिरवायची तर किती माणसं, किती सह्या, किती परगणे लागतील? २०२० मध्ये साथीमुळं तिथल्या सुमारे ४३ टक्के मतदारांनी पोस्टानं मत दिलं. निकालाविरुद्ध साठाहून अधिक खटले झाले. निकाल फिरेल अशी फसवणूक एकाही कोर्टात सिद्ध झाली नाही. ट्रम्प यांनीच नेमलेले अॅटर्नी जनरल विल्यम बार यांनी डिसेंबरमध्ये तेच सांगितलं. जॉर्जियात पन्नास लाखांच्या आसपास मतं हातानं पुन्हा मोजली आणि निकाल तोच राहिला.

रात्री एक पुढं आणि सकाळी दुसरा, यानंही लोक बिथरले होते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत टपाली पाकिटं फोडायलाच बंदी आहे, मग ती मोजायला दिवस लागणारच. त्यात त्या वर्षी टपाली मतं जास्त करून डेमोक्रॅट मतदारांनी दिली होती, म्हणून उशिरा येणारे आकडे एकाच बाजूला झुकले. फ्लोरिडात पाकिटं आधीच तपासून ठेवतात, तिथं निकाल रात्रीच लागला. मोजणी लांबली की अफवेला मोकळं रान मिळतं, हे मी इथंही अनुभवलंय. म्हणून पाकिटं आधी तपासायला बंदी घालणारा तो कायदा मला चुकीचा वाटतो.

तुमच्या मुलीच्या वॉशिंग्टन राज्यात २०११ पासून सगळ्याच परगण्यांत पोस्टानं मतदान होतं, शेजारच्या ओरेगनमध्ये त्याहून आधीपासून. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात, जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देतात. ही दुरुस्तीची संधी आपल्या जवानांना नाही, आणि ती असावी असं मला मनापासून वाटतं. जावयांना फोन करा आणि त्यांचं पाकीट पोचल्याची नोंद त्यांना कुठं दिसते ते विचारा. भांडण मिटेल आणि माहितीही मिळेल.

प्रश्न : आमची गलाईची (सोनं-चांदी गाळण्याची) पेढी तामिळनाडूत. खानापूर, आटपाडीकडची आमच्यासारखी हजारो कुटुंबं देशभर आहेत. मतदानाला गावी यायला जाऊन-येऊन चार दिवस मोडतात. आम्हाला पोस्टानं मत का नाही?
— गलाई व्यावसायिक, विटा

भाऊ, कायद्यात तुमच्यासाठी ती सोय नाही. टपाली मत सैनिक, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरचे, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांग अशा ठरावीक गटांनाच आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही मत द्यायला इथं यावं लागतं. आयोगानं २०२२ च्या डिसेंबरमध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि ते थांबलं. शंका काढायला हरकत नव्हती, पण त्यानंतर पर्याय कुणीच मांडला नाही. गावाशी नातं तोडायचं नसेल तर नाव गावीच ठेवा. तिकडंच कायमचे राहत असाल तर तिकडं नोंदवा. दोन्हीकडं ठेवणं हा गुन्हा आहे, आणि हे मी तुमच्या भागातल्या कित्येकांना सांगू इच्छिते.

प्रश्न : माझे आजोबा ८८ वर्षांचे. विधानसभेला पथक घरी आलं होतं. काका शेजारी बसले आणि 'अण्णा, इथं करा' असं दोनदा म्हणाले. आजोबांना दिसतं, वाचता येतं. कुणी काही बोललं नाही. मला फार वाईट वाटलं. याला फसवणूक म्हणायचं का?
— एक विद्यार्थिनी, कराड

बाळ, हो, म्हणायचं. मोठ्या घोटाळ्यांची चर्चा चालते तेव्हा मला अशीच घरं आठवतात. तुझ्या काकांना कदाचित आपण काही चुकीचं केलं असं वाटलंही नसेल.

मदतनीस घेता येतो तो फक्त दृष्टिहीन किंवा स्वतः खूण करू न शकणाऱ्या मतदाराला, आणि मदतनिसाला मत गुप्त ठेवण्याचं लिहून द्यावं लागतं. आजोबा स्वतः खूण करू शकतात, म्हणजे त्या वेळी त्यांच्याजवळ कुणीच असायला नको होतं. पथकात दोन मतदान अधिकारी असतात, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असतो. खूण करतानाचं चित्रीकरण करत नाहीत, पण काकांना बाहेर थांबायला सांगणं त्या अधिकाऱ्यांचं काम होतं. ते त्यांनी केलं नाही. उमेदवारांनाही पथक कधी कुठं जाणार याचं वेळापत्रक आधी मिळतं आणि प्रतिनिधी पाठवता येतो. किती जण पाठवतात? मोजणीनंतर आरडाओरडा करणाऱ्या प्रत्येक पक्षाला मी हाच प्रश्न विचारेन.

झालेल्या निवडणुकीचं आता काही करता येणार नाही. निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून ४५ दिवसांची असते, आणि एका मतासाठी ती चालतही नाही. पुढच्या वेळी असं दिसलं तर तिथंच मोठ्यानं सांग, 'काका, बाहेर चला.' ऐकलं नाही तर १९५० या हेल्पलाइनवर फोन कर, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी दे. घरातली म्हणून गप्प बसू नकोस.

आणखी एक. घरून मत देणं सक्तीचं नाही. त्यासाठी नमुना १२-डी भरावा लागतो, अधिसूचनेपासून पाच दिवसांच्या आत, आणि बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, तो घरी आणून देतात. एकदा भरला की केंद्रावर मत देता येत नाही, यादीत नावापुढं तशी खूण होते. आजोबांना चालवत असेल आणि केंद्रावर जायची हौस असेल, तर तो अर्ज भरूच नका. आधी त्यांना एकटं असताना विचार. अर्जावर सही त्यांची लागते.