'शकतो' आणि 'परवानगी आहे' : सिरियाक शिकणाऱ्यांसाठी

अरे पहिली गोष्ट, सिरियाक (आरामेक भाषेचं जुनं, ख्रिस्ती ग्रंथांतलं रूप) आणि आजची बोली आरामेक एकाच वहीत लिहू नकोस, खिचडी होते. जुन्या सिरियाकमध्ये 'शकतो'साठी 'मेश्कह' येतं, मूळ अर्थ सापडणं, आणि त्याच्यापुढे 'ल' लावलेलं क्रियापद किंवा 'द' लावून भविष्यरूप. पेशित्तातलं, म्हणजे सिरियाक बायबलातलं मत्तय ६:२४ घे, 'ला नाश मेश्कह', म्हणजे दोन धन्यांची चाकरी कुणीच करू शकत नाही. परवानगीचं खातं मात्र वेगळं, तिथे 'शल्लीत'. मत्तय १२:२ मध्ये शब्बाथला, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, जे करायला 'ला शल्लीत' (परवानगी नाही) ते शिष्य करतात अशी तक्रार आहे, ताकद नाही असं कुणी म्हणत नाहीये, नियमात बसत नाही एवढंच. हे दोन श्लोक पाठ कर, व्याकरणाची अर्धी पानं वाचतील.

आता आजच्या आरामेकच्या असिरियन बोलीत 'मासिन' म्हणजे मी शकतो, बाई बोलली तर 'मास्यन', आपल्या शकतो-शकतेसारखंच, त्यामुळे मराठी माणसाला हे सोपं जातं. हा धातू सिरियाकमध्येही आहे बरं का. तुरोयो या आजच्या दुसऱ्या आरामेक बोलीत मात्र 'किबी' आणि 'लायबी', शब्दशः 'माझ्यात आहे' आणि 'माझ्यात नाही', म्हणजे मला जमतं, जमत नाही. इथे कर्ता शोधत बसू नको, सर्वनाम शेवटी चिकटलेलं असतं, मी तर म्हणेन तुरोयो नंतरच घे.

आणि 'येऊ दे त्याला' म्हणायचं तर असिरियनमध्ये 'शुद आते', तिथे 'मासे' (म्हणजे 'तो शकतो') घुसवू नकोस.