कथा-कविता लिहीत मुलांच्या शिक्षणासाठी काम करता येतं का? लेखन प्रचारकी होत नाही?

होतं. माझं झालं होतं, म्हणून सांगते.

मी कोल्हापूरकडची. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, गावाबाहेर कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि हंगाम संपेपर्यंत मुलंही इथंच. धाकट्याला कडेवर घेऊन फिरणाऱ्या अशाच एका पोरीवर मी कथा लिहिली आणि मोठ्या हौसेनं तिच्या आईला वाचून दाखवली. भाकरी थापता थापता तिनं ऐकली. म्हणाली, "ताई, एवढं रडायला आमाला येळ कुठं असतो? आन तुमची पोरगी एकदाबी हसत कशी नाही?"

ती कथा कुठंच पाठवली नाही. तेव्हापासून अर्ज वेगळा, कथा वेगळी.

एका शाळेनं दाखला नाही म्हणून मुलांना परत पाठवलं, तेव्हा कथेचा काय उपयोग? यादी केली: नाव, वय, गावाकडची शाळा, इयत्ता. खाली शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांना ते एक पान दिलं, त्यात एकही विशेषण नव्हतं. आठवड्यात मुलं वर्गात बसली. (निघतानाच गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलांना दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड, आणलं असतं तर एवढीही धावपळ झाली नसती.)

लेखन संध्याकाळी, कोप्यांपुढं. 'माझी आई' विषय दिला की सगळ्यांची आई प्रेमळ निघते. म्हणून विचारलं, पहाटे पहिला आवाज कसला येतो? एकानं लिहिलं: "मुकादमाची शिट्टी. मग बैलाची घंटी. मग आई खोकते." मला सुचलं नसतं.

सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये शाळेत शिकवायला सुरुवात केली आणि १८५४ मध्ये 'काव्यफुले' छापलं, हे आपण नेहमी सांगतो. मला जास्त मोलाची वाटते ती त्यांच्या शाळेतली मुक्ता. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात आला. तो तिनं स्वतः लिहिलेला.

मुलांचं लिखाण छापणार असाल तर आधी घरच्यांना वाचून दाखवा. त्या पोरानं मुकादमाचं, म्हणजे टोळी आणणाऱ्याचं, नावही लिहिलं होतं. बापानं उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, त्याच्याकडूनच घेतलेली. नाव खोडलं.