नास्तिक कोणाला म्हणायचं? ‘देव नाही’ आणि ‘देव मानत नाही’

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या घरी गणपतीत धाकटा भाऊ आरतीला उभा राहिला नाही. आजी म्हणाली, “हा नास्तिक झालाय.” तो म्हणाला, “मी नास्तिक नाही, अज्ञेयवादी आहे.” त्यावर काका म्हणाले, “सांख्यदर्शनात तरी कुठे ईश्वर आहे? तरी ते आस्तिक दर्शन. तेव्हा देव नाकारणाऱ्याला नास्तिक म्हणणंच चूक.” ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: यात शब्द कोणाचा बरोबर, आणि ‘आस्तिक’, ‘नास्तिक’ यांतला ‘ति’ ऱ्हस्व की दीर्घ?

काकांची माहिती बरोबर आहे (सांख्य हे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानातलं एक दर्शन, म्हणजे एक विचारपद्धती), निष्कर्ष मात्र चुकला आहे. आजीचा शब्द आजच्या मराठीला धरून आहे, पण तिला जे खुपलं त्याला तो शब्द बसत नाही. भावाच्या शब्दाकडे नंतर येतो. आधी एका साध्या क्रियापदाबद्दल बोलायला हवं, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथे आहे. ते क्रियापद म्हणजे ‘मानणे’.

मराठी माणूस दुसऱ्याला सहसा “देव आहे असं तुला वाटतं का?” असं विचारत नाही. तो विचारतो, “तू देव मानतोस का?” हे दोन प्रश्न एक नाहीत. ‘मानणे’ म्हणजे खरं धरणं, तसंच मान देणं, आणि शिवाय ठरवून तसं समजणं. मानलेला भाऊ सख्खा नसतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी भाऊबीज होते आणि ती खोटी नसते. ‘मानला तर देव, नाहीतर दगड’ ही म्हण तर देवपणाचा सगळा भार मानणाऱ्यावरच टाकते. त्या म्हणीत देव ‘आहे’ की ‘नाही’ हा मुद्दाच नाही. म्हणून “मी देव मानत नाही” या वाक्यातून “देव नाही” असं आपोआप निघत नाही. एखादा माणूस देवाच्या असण्याबद्दल काहीही ठाम न बोलता देव मानू शकतो. दुसरा देव असेलही असं म्हणून त्याच्यापुढे हात जोडायचं नाकारू शकतो.

माझ्या आजोबांचे एक चुलतभाऊ होते. ते देवळाची पायरी चढत नसत. गावात कोणी त्यांना नास्तिक म्हटल्याचं मला आठवत नाही. “त्यांचं देवाधर्माचं काही नसतं” एवढंच लोक म्हणत, आणि ते वाक्य मला अजून फार नेमकं वाटतं. त्यात त्या माणसाच्या मनात काय आहे याचा निवाडा नाही. तो काय करत नाही एवढंच सांगितलं आहे.

गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या कोंकणीने हे दोन अर्थ वेगळे ठेवायची सोय केली. तिथे धर्मातल्या विश्वासाला क्रियापद आहे ‘सत मानप’, म्हणजे खरं मानणं. नुसतं ‘मानणे’ पुरेसं नाही, आदराच्या मानण्यापासून खरेपणाचं मानणं वेगळं काढायला हवं, हे त्यात उघड दिसतं. आपल्या मराठीत तो ‘सत’ नाही, म्हणून आजी एका मानण्याबद्दल बोलते आणि नातू दुसऱ्या.

आता ‘नास्तिक’. पाणिनीचं सूत्र आहे, ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०). ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. पण काय आहे आणि काय नाही? सूत्र ते सांगत नाही. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, काशिकावृत्ती, ते सांगते: परलोक आहे अशी ज्याची मती तो आस्तिक, त्याच्या उलट तो नास्तिक. देवाचं नाव नाही! कठोपनिषदात नचिकेत यमाला विचारतो तोही हाच प्रश्न आहे. माणूस मेल्यावर काहीजण म्हणतात ‘अस्ति’, काहीजण म्हणतात ‘नायमस्ति’, यातलं खरं काय? म्हणजे या शब्दाच्या मुळाशी मरणानंतरची शंका आहे.

मनुस्मृतीत (२.११) रोख बदलतो. तर्काच्या आधाराने श्रुतिस्मृतींचा अवमान करणाऱ्याला बहिष्कृत करावं असं तिथे म्हटलं आहे, आणि त्याचं वर्णन आहे ‘नास्तिको वेदनिन्दकः’. इथे ‘नाही’ हे वेदाच्या प्रामाण्याला लागलं. काकांची सांख्याची गोष्ट याच मापाने खरी ठरते. ‘ईश्वरासिद्धेः’, ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून, असं सांख्यसूत्रांत स्पष्ट आहे. पूर्वमीमांसेतले, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या दर्शनातले, कुमारिल भट्ट तर जगाचा कर्ता ईश्वर ही कल्पना तर्काने खोडतात, आणि तेच वेदाचे कट्टर कैवारी आहेत. वेद मानतात म्हणून दोन्ही आस्तिक दर्शनं.

पण हे मापही सगळ्यांचं नव्हतं. जैन आचार्य हरिभद्रांनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ लिहिला. त्यात बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय (म्हणजे मीमांसकांचं) ही मतं सांगून झाल्यावर ते म्हणतात, आस्तिकवादांचं हे थोडक्यात वर्णन झालं. त्यांच्या आस्तिकांत बौद्ध आणि जैन आहेत, आणि लोकायत, म्हणजे चार्वाकांचं मत, त्यानंतर येतं. बौद्धांकडेही हा शब्द शिवीसारखाच वापरला गेला. दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या सामञ्ञफलसुत्तात बुद्धाच्या काळातल्या अजित केसकंबली या विचारवंताचं मत येतं: ‘नत्थि दिन्नं, नत्थि यिट्ठं, नत्थि हुतं’, दानाला फळ नाही, यज्ञाला नाही, होमाला नाही, ‘नत्थि परो लोको’, परलोक नाही. अशा मताला पाली ग्रंथ ‘नत्थिकवाद’ म्हणतात आणि मिथ्यादृष्टीत, म्हणजे चुकीच्या मतांत, टाकतात. वैदिकांनी ज्यांना नास्तिक म्हटलं, त्यांचा नत्थिक आणखी पलीकडे उभा होता. (हा ‘नत्थि’ मराठीलाही परका नाही. ज्ञानेश्वरीत जे मुळात नाहीच त्याला ‘नाथिलें’ म्हटलेलं सापडतं, ते याच घराण्यातलं.)

तेव्हा काकांना माझं म्हणणं असं. परलोक, वेद, कर्मफळ असं एकेक ‘नाही’च्या मागे लागत गेलं, आणि आजच्या मराठीत तिथे देव येऊन बसला आहे. शब्दाचा अर्थ आज बोलणारे लोक ठरवतात. दर्शनांच्या वर्गवारीत सांख्य आस्तिकच राहील, पण त्यावरून घरातल्या मुलाला नास्तिक म्हणणं चूक ठरत नाही. दर्शनांची चर्चा करताना घोळ टाळायचा असेल तर ‘निरीश्वरवादी’ हा शब्द हाताशी आहे: सांख्य निरीश्वरवादी, तरी आस्तिक. रोजच्या बोलण्यात मात्र तो शब्द आणू नये. आरतीच्या ताटाशी उभं राहून “तू निरीश्वरवादी आहेस का?” असं कोणी विचारत नाही.

पाणिनीच्या त्या सूत्रातला तिसरा शब्द मला फार आवडतो, आणि तो आपण पार विसरलो याचं वाईट वाटतं. आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक. ‘दिष्ट’ म्हणजे सहसा दैव, म्हणून नशिबावर भिस्त ठेवणारा तो दैष्टिक, असा अर्थ लावतात. पण काशिका वेगळंच म्हणते: ‘प्रमाणानुपातिनी यस्य मतिः’, ज्याची मती प्रमाणाच्या मागून जाते तो दैष्टिक. पुरावा नेईल तिथे जाणारा! एकाच शब्दाचे इतके उलटे अर्थ लागावेत याने मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झालो होतो. काशिकेचा अर्थ धरला, तर ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या शेजारी ‘पुरावा बघू’ म्हणणाऱ्यालाही व्याकरणाने तेव्हाच जागा करून दिली होती.

आता भावाचा ‘अज्ञेयवादी’. १८६९ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी घडवलेल्या ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ या इंग्रजी शब्दाला मराठीत हा प्रतिशब्द रुळला. गोपाळ गणेश आगरकरांच्या भूमिकेबद्दल लिहिताना तो हमखास वापरला जातो. आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचा प्रभाव होता, आणि जे कधीच कळण्याजोगं नाही अशा तत्त्वाबद्दल स्पेन्सर यांनी १८६२ मध्येच लिहिलं होतं. तिथे ‘अज्ञेय’ चपखल बसतो. अज्ञात म्हणजे न कळलेलं, अज्ञेय म्हणजे कळूच न शकणारं. म्हणून भावाला विचारा: “मला माहीत नाही” असं म्हणतोयस, की “कोणालाच कधी कळणार नाही” असं? दुसरं म्हणत असेल तर शब्द बरोबर आहे, आणि तो एक ठाम दावा आहे. पहिलंच म्हणायचं असेल तर त्याला ‘अज्ञेयवादी’ जड होतो. ‘संशयवादी’ हा पर्याय आहे, पण मराठीत ‘संशयी’ म्हटलं की बायकोवर पाळत ठेवणारा माणूस आठवतो, आणि गीतेतल्या ‘संशयात्मा विनश्यति’ची सावलीही त्या शब्दावर आहे. मी स्वतः ‘साशंक’ म्हणेन. “देवाबद्दल मी साशंक आहे.” आजीलाही ते समजेल.

एवढं झाल्यावर आजीकडे येतो, कारण माझं मन तिच्याजवळ आहे. मुलगा परलोकाबद्दल किंवा जगाच्या कर्त्याबद्दल काय म्हणतो हे तिला खुपलेलं नाही. सगळं घर टाळ्या वाजवत असताना तो बाजूला बसला, हे खुपलं. याला शब्द हवा तर ‘अश्रद्ध’ जवळचा, पण तोही पुरता नाही. ‘श्रद्धा’ म्हणजे ‘श्रत्’ ठेवणं, भरवसा ठेवणं. लॅटिनमधला ‘क्रेडो’ (‘माझा विश्वास आहे’) याचाच सख्खा नातलग. ऋग्वेदात (२.१२.५) इंद्राबद्दल एक ऋचा आहे. ज्याच्याविषयी लोक विचारतात “कुह सः”, कुठे आहे तो, आणि म्हणतात “नैषो अस्ति”, तो नाहीच. त्याच्या ठायी ‘श्रत्’ ठेवा, लोकहो, तोच इंद्र. ‘नास्ति’ आणि ‘श्रद्धा’ या दोन्ही शब्दांचं बी एकाच ऋचेत आहे. आठव्या मंडलात (८.१००) तर नेम नावाचा एक जण म्हणतो, इंद्र नाही, त्याला पाहिलंय कोणी, आम्ही स्तुती करायची कोणाची? पुढच्याच ऋचेत इंद्र उत्तर देतो, “हा मी इथे आहे, गायका, बघ माझ्याकडे.” ज्यांनी ही सूक्तं जपली त्यांनी तो नकार गाळला नाही, शब्दाशब्दाने पाठ केला.

आणि नचिकेताला श्रद्धा कधी झाली? बाप म्हाताऱ्या, वांझोट्या, शेवटचं पाणी पिऊन बसलेल्या गाई दान देत होता तेव्हा. ‘श्रद्धा आविवेश’, त्याच्यात श्रद्धा शिरली, आणि लगेच तो बापाला प्रश्न विचारू लागला. आज आपण ‘श्रद्धा’ आणि ‘प्रश्न’ हे विरुद्धार्थी शब्द असल्यासारखे वापरतो. कठोपनिषदाच्या पहिल्याच पानावर ते तसे नाहीत.

‘अंधश्रद्धा’ या शब्दावर ताईंनी विचारलेलं नाही, पण तो इथे टाळता येत नाही. महाराष्ट्रात तो घराघरात पोचवला तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी कायदा झाला. त्या कायद्याचं नाव वाचा: ‘महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३’. इतक्या लांब नावात ‘अंधश्रद्धा’ नाही. कोणती श्रद्धा डोळस आणि कोणती आंधळी यावर एकमत होणं अवघड. नरबळी म्हणजे काय हे कोणालाही सांगता येतं. कायद्याने मनातल्या श्रद्धेला हात न घालता हातून घडणाऱ्या कृत्याला हात घातला. शब्दांच्या दृष्टीने मला ते योग्यच वाटतं, आणि गावातल्या त्या ‘देवाधर्माचं काही नसतं’ची मला इथे आठवण होते. दोन्हीकडे बोललं जातं ते करण्याबद्दल.

वारकऱ्यांना तर ‘आहे’ आणि ‘नाही’ यांची एवढी धास्ती कधी नव्हती. तुकोबा म्हणतात, ‘आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाहीं ऐसा मनीं अनुभवावा’. यावर अर्थ लावणाऱ्यांत मतभेद आहेत आणि राहतील, पण ज्याची सगळी हयात विठ्ठलाशी भांडण्यात गेली त्याच्या तोंडून देवाच्या बाबतीत ‘नाही’ हा शब्द इतका सहज येतो, हे आजीला वाचून दाखवा.

तेव्हा शब्दांचं असं ठरवू. भाऊ “देव नाही” म्हणत असेल तर नास्तिक, आणि यात अपमान नाही. कळणारच नाही म्हणत असेल तर अज्ञेयवादी, अजून ठरलं नाही म्हणत असेल तर साशंक. देवाबद्दल काहीही म्हणो, आरतीला उभा राहत नसेल तर त्याला मराठीत “तो देवाचं करत नाही” असं म्हणतात, आणि आजीने तेच म्हटलं असतं तर बहुधा वाद झालाच नसता.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. आस्तिक, नास्तिक दोन्हींत ‘ति’ ऱ्हस्व. दीर्घ ‘ती’ आहे तो आस्तीक ऋषीच्या नावात. जनमेजयाचं सर्पसत्र थांबवून नागांना वाचवणारा तो हा. साप दिसला की आपल्याकडे म्हातारी माणसं “आस्तिक, आस्तिक” म्हणतात ते त्याचंच नाव, ‘ती’ ऱ्हस्व झालेलं. महाभारताच्या आदिपर्वात त्याच्या नावाची कथा आहे. जरत्कारू ऋषी बायकोला सोडून निघाले, तेव्हा ती काकुळतीने म्हणाली, ज्यासाठी हे लग्न झालं ते मूल अजून मला दिसत नाही. जाता जाता ते एवढंच म्हणाले: “अस्ति.” आहे, तुझ्या पोटात आहे. त्यावरून मुलाचं नाव आस्तीक पडलं.