वेल्डिंगच्या धुरातल्या नॅनोकणांपासून मेंदू वाचवायला वनस्पतींचा अर्क उपयोगी पडतो का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ वेल्डिंग करतो आणि कुणीतरी त्याला डाळिंबाच्या सालीच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवल्यात, "उंदरांवर सिद्ध झालंय" म्हणून. तसल्या उंदरांची चाकरी मी केलेली आहे, म्हणून लिहितोय.

एम. फार्म.ला माझा विषय हाच. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण) देऊन उंदरांच्या मेंदूला इजा करायची आणि अर्काने ती किती टळते ते बघायचं. सोलापूरकडच्या माणसाला डाळिंबाच्या सालीची काय कमी! अर्क रोटरीवर आटवला की काकवीसारखा चिकट व्हायचा. कणांचं पाणी रोज सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी कण विखरून ठेवणारं यंत्र) धरायचं, नाहीतर सगळं तळाशी. मग उंदराची मान-पाठ पकडून गोल टोकाची सुई घशाखाली सरकवायची. आधी अर्क, पाठोपाठ कण.

इथेच माझं आणि गाईड सरांचं वाजलं. एकदा उरलेला अर्क आणि कणांचं पाणी मी एकाच टेस्ट ट्यूबमध्ये ओतलं. दुधाळ पाणी बघता बघता फाटलं आणि खाली तपकिरी गाळ बसला. सालीतलं टॅनिन (तुरट द्रव्य) धातूला धरतं, हे काय नवीन नाही. जेवणावर चहा घेतला की लोह अंगी लागत नाही ते त्याचमुळे. मग उंदराच्या पोटात वेगळं काय होणार? झिंक आतड्यातच अडत असेल, तर मेंदूत एमडीए (पेशींना इजा झाल्याची खूण) कमी आलं आणि ग्लुटाथायोन (पेशींना जपणारं द्रव्य) टिकलं यात मेंदूचं संरक्षण कुठे आलं? मी म्हटलं, दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवू, एका गटाला अर्क इंजेक्शनने देऊ आणि मेंदूत झिंक किती पोचलं ते आयसीपी-एमएसवर (धातूचं प्रमाण मोजणारं यंत्र) मोजून घेऊ. सर म्हणाले, "सगळे पेपर असेच असतात, तूच कोण लागून गेलास?" खरं कारण म्हणजे वाढीव उंदरांसाठी पुन्हा एथिक्स कमिटीकडे जावं लागलं असतं. प्रबंधाच्या नावात 'न्यूरोप्रोटेक्टिव्ह' (मेंदूचं रक्षण करणारा) राहिलं ते राहिलंच. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी स्टॅटिस्टिक्सवरून पिळून काढलं, सुईबद्दल अवाक्षर नाही. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही आहे.

आता भावाचं. त्याचा धूर नाकातून जातो. २००४ साली ओबरडॉर्स्टर या संशोधकाच्या गटाने उंदरांना कार्बनचे नॅनोकण हुंगवले, तर ते मेंदूतल्या वासाच्या भागापर्यंत (ऑलफॅक्टरी बल्ब) पोचलेले दिसले. पोटातल्या टॅनिनशी त्यांची गाठ पडायची कधी? सालीतलं मुख्य टॅनिन, प्युनिकॅलॅजिन, जसंच्या तसं रक्तात जवळजवळ जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन नावाचं दुसरंच द्रव्य करतात, तेही प्रत्येकाच्या पोटात सारखं होत नाही. शिवाय डोस बघा. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम, माणसासाठी त्याला सुमारे ६ ने भागायचं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास २ ग्रॅम अर्क. डबीवर किती लिहिलंय?

कॅप्सूलच्या पैशात चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्यावरचा मास्क घ्या. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. धूर निघतो तिथेच ओढून घेणारा एक्झॉस्ट मालकाकडे मागा. टाकीत उतरून वेल्डिंग असेल तर नुसता मास्कही पुरणार नाही.

हां, मी डॉक्टर नाही आणि माझं काम तोंडावाटे दिलेल्या झिंकवरचं, धुरावरचं नव्हे. धुरातल्या मँगनीजमुळे पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात, तेव्हा हात थरथरणं, चाल बदलणं असं काही दिसलं तर न्यूरोलॉजिस्टकडे न्या आणि काय काम करतो ते आधी सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्क नकोच. सगळे अर्क भंपक आहेत असंही मी म्हणत नाही. फक्त पुढच्या वेळी कुणी पेपर दाखवला की त्याला एवढंच विचारा, अर्क आणि कण एकामागोमाग एकाच सुईने पोटात सोडले होते का?